पेन्सिल सेलवर चालणारे जाळे

सर्वव्यापी संगणनाची कल्पना मार्क वायझर यांनी १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातील झेरॉक्स पार्क या प्रयोगशाळेत मांडली. टेबलावरचा संगणक सतत माणसाचे लक्ष मागतो, हे त्यांना खटकत होते. संगणन भोवतालात इतके मिसळून जावे की ते वापरतो आहोत याची जाणीवही होऊ नये, हा १९९१ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये आलेल्या त्यांच्या लेखाचा गाभा होता.

हीच कल्पना घराबाहेर, रानावनात नेली ती बिनतारी संवेदक जाळ्यांनी. बर्कले येथील क्रिस पिस्टर यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘स्मार्ट डस्ट’ प्रकल्पात एक घन मिलिमीटर आकाराचे, मोजमाप करून ते कळवणारे यंत्र हे उद्दिष्ट ठेवले. संशोधकांच्या हाती प्रत्यक्षात आले ते दोन पेन्सिल सेलवर चालणारे छोटे नोड, म्हणजे जाळ्यातील एकेक यंत्र. आकार धुळीएवढा झाला नाही, पण खरा प्रश्न आकाराचा नव्हताच. तो ऊर्जेचा होता.

अशा नोडमध्ये सर्वाधिक ऊर्जा रेडिओ खातो. एक बिट हवेतून पाठवण्याच्या खर्चात प्रोसेसर शेकडो सूचना पार पाडू शकतो. नुसते ऐकत बसणेही जवळपास तेवढेच महाग पडते. म्हणून नोड बहुतेक वेळ झोपतो, ठरल्या क्षणी जागा होतो, मोजतो, शक्य तेवढे गणित जागीच उरकतो आणि निष्कर्ष तेवढा पुढच्या नोडकडे देतो. यात एक अन्याय दडलेला आहे. माहिती गोळा करणाऱ्या मुख्य केंद्राजवळच्या नोडना स्वतःचे आणि मागच्या सगळ्यांचे संदेश वाहावे लागतात, त्यामुळे त्यांचे सेल आधी संपतात आणि मागचे धडधाकट नोडही जाळ्यापासून तुटतात. या क्षेत्रातील संदेशांच्या मार्गनिवडीचे कितीतरी संशोधन हा भार वाटून देण्यासाठीच झाले.

अमेरिकेतील मेन राज्याच्या किनाऱ्याजवळील ग्रेट डक बेटावर २००२ साली असे ३२ नोड बसवले गेले. तेथील लीच स्टॉर्म पेट्रेल हा समुद्रपक्षी जमिनीतील बिळात अंडी घालतो आणि माणसाच्या येण्याजाण्याने विचलित होतो. बिळांतील तापमान आणि आर्द्रता दुरून कळू लागली, हा या विषयाचा सर्वांत सुंदर उपयोग म्हणावा लागेल.

याउलट, नेदरलँड्समधील बटाट्याच्या शेतात करप्याचा अंदाज घेण्यासाठी शंभरेक नोडचे जाळे उभारले गेले. त्यातून अपेक्षित माहितीपैकी जेमतेम २ टक्के हाती आली. सॉफ्टवेअरमध्ये चुका होत्या, आणि वाढलेल्या पाल्यातून रेडिओलहरी फार दूर जात नव्हत्या. संशोधकांनी हे अपयश न लपवता प्रसिद्ध केले. असे निबंध यशाच्या आलेखांपेक्षा अधिक उपयोगी आहेत, कारण पुढच्या गटाला शेतात उतरण्यापूर्वी काय तपासायचे ते त्यांतूनच कळते.

महाराष्ट्रात आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी नाशिक भागातील द्राक्षबागेत असे जाळे आजमावले. द्राक्षावरचा डाऊनी हा रोग पानावरच्या ओलाव्यावर पसरतो, म्हणून बागेतल्या बागेत केलेले मोजमाप दूरच्या हवामान केंद्रातील आकड्यांपेक्षा अधिक मोलाचे ठरते. मात्र प्रयोगशाळेत दोन आठवडे चाललेल्या जाळ्याच्या भरवशावर बागायतदाराला औषध फवारण्याचा सल्ला देऊ नये. उन्हापावसात एक पूर्ण हंगाम काढल्यावरच ते जाळे वापरण्याजोगे मानावे.