टपरीवरचा निग्रह

सिगारेट सुटली की कौतुक होतं ते निग्रहाचं, आणि नाही सुटली तर दोषही निग्रहालाच. ‘मनावर घेतलं असतं तर केव्हाच सुटली असती,’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. पण मनावर घेणारे कमी नाहीत. २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात देशातल्या ५५ टक्के धूम्रपान करणाऱ्यांनी सोडण्याचा विचार असल्याचं सांगितलं. ३८ टक्क्यांहून अधिक जणांनी आधीच्या वर्षभरात तसा प्रयत्नही केला होता.

मग अडतं कुठे?

एक तर शरीरात. व्यसन किती मुरलंय हे जोखताना डॉक्टर विचारतात, सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळात लागते? रात्रभरात रक्तातलं निकोटिन उतरलेलं असतं. डोळे उघडल्यावर पाच मिनिटांत काडी ओढावी लागणाऱ्याची आणि जेवणानंतर एखादी ओढणाऱ्याची लढाई एकच नसते. चिडचिड, उडालेली झोप, कामात न लागणारं लक्ष यांतून पहिल्याच आठवड्यात अनेकांचे संकल्प मोडतात. निकोटिनचा च्युइंगम, पट्टी किंवा औषधं घेतली तर यशाची शक्यता वाढते. तरी बहुतेक जण कुणाच्या मदतीशिवायच सोडू पाहतात, आणि त्यांतले वर्षभर टिकतात ते शंभरात जेमतेम तीन ते पाच.

दुसरी गोष्ट संगतीची. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या हृदयरोग अभ्यासातल्या बारा हजारांवर माणसांची १९७१ ते २००३ या काळातली नाती क्रिस्टाकिस आणि फाउलर या संशोधकांनी तपासली. माणसं एकेकटी नव्हे, तर गटागटाने सिगारेट सोडत होती. नवरा-बायकोपैकी एकाने सोडली की दुसऱ्याने ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटत होती, मित्राने सोडली तर ३६ टक्क्यांनी.

पैशाचाही हात असतो. जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या ८७८ कर्मचाऱ्यांवर एक प्रयोग झाला. सगळ्यांनाच व्यसनमुक्तीची माहिती दिली. निम्म्यांना शिवाय टप्प्याटप्प्याने ७५० डॉलरपर्यंत बक्षीस कबूल केलं. त्यांच्यातले १४.७ टक्के दीर्घकाळ टिकले, बाकीच्यांतले ५ टक्के.

आपल्याकडे हे सगळं टपरीवर एकत्र येतं. कटिंग चहा, ऑफिसातलं टोळकं, फळीला दोरीने बांधलेला लायटर आणि ‘एक दे रे’ म्हणताच पुढे येणारी सुट्टी सिगारेट. त्याच सर्वेक्षणानुसार सुमारे ६८ टक्के सिगारेट ओढणाऱ्यांनी शेवटची खरेदी सुटी केली होती. एकेक घेतली की करवाढीचा चिमटा बसत नाही, आणि ‘मी पाकीट बाळगत नाही’ असं समाधानही मिळतं. पाकिटाच्या ८५ टक्के भागावरचं कर्करोगाचं चित्र टपरीवाल्याकडेच राहतं. २०१८ पासून पाकिटावर छापला जाणारा १८००-११-२३५६ हा मोफत मदतीचा फोन नंबरही तिथेच राहतो.

महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट-विडीच्या विक्रीवर बंदी घातली. तरी टपरीवर सुटी सिगारेट मिळतेच. बंदी कागदावर राहणार असेल, तर निदान तो नंबर चहाच्या किटलीमागे, लायटरच्या दोरीशेजारी ठळक रंगवून घेणं पालिकेला जड जाऊ नये. सोडू पाहणारं गिऱ्हाईक दिवसातून तीन-चारदा उभं राहतं ते तिथेच.