साखळी कोणी बांधली?



गेल्या हिवाळ्यातल्या एका रविवारची गोष्ट. मिस्सा आटोपली, धर्मशिक्षणाचे वर्ग सुटले, मुले चर्चच्या आवारात चिंचेखाली खेळू लागली. सहावीतला एक मुलगा मात्र सॅक्रिस्टीच्या दारात रेंगाळत उभा होता. काय रे, म्हणून विचारले तर म्हणाला, "फादर, आमच्या वाघ्याला वाघानं नेलं."

आपल्याकडे बिबट्याला बिबट्या कोणी म्हणत नाही, वाघच म्हणतात. वाघ्या म्हणजे त्यांचा कुत्रा. तांबूस रंगाचा, एक कान पडलेला. सकाळी शाळेच्या फाट्यापर्यंत पोरांच्या मागे यायचा आणि तिथूनच परत फिरायचा. मीही त्याला पाहिला होता.

मला वाटले, आता पोरगा विचारणार की वाघ्या स्वर्गात जाईल का. हा प्रश्न मला पूर्वीही मुलांनी विचारलेला आहे, त्यामुळे त्याने विचारण्याआधीच मी उत्तर सुरू केले. प्राण्यांनाही देवाने निर्माण केले आहे, त्यांचा जीव माणसाच्या आत्म्यासारखा नसतो, तरी देव आपल्या निर्मितीला विसरत नाही, वगैरे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेल्या माणसाची ही खोडच असते, समोरचा काय विचारतो ते ऐकण्याआधी त्याचे उत्तर तयार असते. मुलाने शांतपणे ऐकून घेतले आणि मग म्हणाला, "तसं नाही फादर. बाबांनी त्याला साखळीनं बांधलं नसतं तर तो पळाला असता ना? मग पाप कुणाला लागलं?"

मी म्हणालो, पुढच्या रविवारी सांगतो.

झाले होते ते असे. त्यांच्या वस्तीला लागून ऊस आहे. त्या दिवसांत शेजारच्या रानात ऊसतोड चालू होती. ऊस तुटला की बिबट्याचा आडोसा जातो आणि तो वस्त्यांकडे सरकतो, हे आपल्या भागातल्या कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. घरी सात शेळ्या. शेळ्यांसाठी वडिलांनी मागच्या वर्षी कर्ज काढून जाळीचा बंदिस्त गोठा केला. वाघ्या मोकळाच असायचा. पण त्याने शेजाऱ्यांच्या दोन कोंबड्या मारल्या, भांडण झाले, आणि पुन्हा दिसला तर विषाचा तुकडा टाकू, असे शेजारी बोलून गेला. तेव्हापासून रात्री वाघ्याला गोठ्याच्या दाराशी बांधायला सुरुवात झाली. म्हणजे त्याचाही जीव वाचावा आणि शेळ्यांची राखणही व्हावी. चौथ्या की पाचव्या रात्री बिबट्या आला. सकाळी खुंटाला साखळी होती आणि साखळीला गळपट्टा होता.

त्या आठवड्यात मी जुन्या वह्या काढून बसलो. देकार्तसाठी प्राणी म्हणजे केवळ यंत्र. घड्याळ जसे चालते तसे ते चालतात. हे वाचताना तेव्हाही मला वाटले होते की या गृहस्थाने कधी गोठ्यात रात्र काढलेली नसावी. कान्टचे तसे नाही. आपल्या नीतिशास्त्राच्या व्याख्यानांत त्याने नेमके कुत्र्याचेच उदाहरण घेतले आहे. आयुष्यभर इमानाने राबलेला कुत्रा म्हातारा झाला म्हणून मालकाने त्याला गोळी घातली, तर मालक चुकतो, असे तो म्हणतो. पण का चुकतो? कुत्र्याचे काही देणे होते म्हणून नव्हे, तर अशा वागण्याने मालकाच्या मनातली माणुसकी बोथट होते आणि उद्या तो माणसांशीही तसाच वागेल, म्हणून. संत थॉमस अक्वायनस यांनीही काहीसे असेच म्हटले आहे: जनावरांवर दया करणाऱ्याला माणसांवर दया करणे सोपे जाते.

हे खरे आहे, आणि मी प्रवचनात अनेकदा सांगितलेही आहे. पण त्या मुलाला मी ते सांगू शकलो नसतो. तो स्वतःच्या माणुसकीसाठी रडत नव्हता, वाघ्यासाठी रडत होता. कान्टच्या हिशोबात वाघ्याच कुठे नाही.

मग बायबल उघडले. ज्यांच्यासाठी आणि ज्यांच्यामध्ये ते लिहिले गेले ते बरेचसे मेंढरे राखणारे आणि शेती करणारे लोक होते, हे आपण विसरतो. विसाव्याच्या दिवसाची आज्ञा देताना बैलाला आणि गाढवालाही विसावा मिळावा, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. तोबितच्या ग्रंथात तरुण तोबिया लांबच्या प्रवासाला निघतो, सोबत वेष पालटलेला देवदूत असतो आणि मागोमाग कुत्रा. जाताना त्याचा उल्लेख येतो आणि परत येतानाही. कथेत त्याला काही काम नाही. तो काही वाचवत नाही, कोणावर भुंकतही नाही. नुसता बरोबर जातो आणि बरोबर येतो. मला वाटते, ज्याने हे लिहिले त्याच्या घरी कुत्रा असावा. रात्रीची लाईट आली की मोटार चालू करायला, बारे द्यायला जे अंधारात बांधावरून जातात, त्यांना कुत्र्याचे नुसते बरोबर असणे म्हणजे काय ते समजेल.

आणि नाथान संदेष्ट्याचा दृष्टांत आहेच. गरीब माणसाची एकुलती एक मेंढी, त्याच्याच ताटातले खाणारी, त्याच्या कुशीत झोपणारी, लेकीसारखी वाढलेली. ती श्रीमंताने हिसकावून नेली, एवढे ऐकताच दावीद राजा संतापला. दुसऱ्याची बायको पळवताना आणि तिच्या नवऱ्याला मरायला पाठवताना ज्याचे मन हलले नव्हते, ते एका मेंढीसाठी हलले. तो पूर्वाश्रमीचा मेंढपाळ होता, म्हणून नाथानाला कुठून आत शिरायचे ते बरोबर ठाऊक होते.

आणखी एक गोष्ट मी वाचली, आणि ती ग्रंथांतली नाही, आपल्याच जिल्ह्यातली आहे. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास करून तो काय खातो हे शोधले. २०१४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. वजनाच्या हिशोबाने बिबट्याच्या खाण्यात ३९ टक्के कुत्री निघाली. शेळ्या फक्त ११ टक्के, आणि तरीही त्या भागात शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सातपट होती. याचे कारण आपल्याला परके नाही. रात्री शेळी आत असते, गाय गोठ्यात असते, आपण दार लावून झोपतो. बाहेर राहतो तो कुत्रा. आपण मुद्दाम ठरवून केलेले नाही, पण बिबट्या आणि आपण यांच्या मधोमध आपण त्याला ठेवले आहे.

बुधवारी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. आईने चहा टाकला. आजी ओट्यावर बसली होती. ती म्हणाली, "जेवण झालं की हात अजून बाहेर जातो बघा, भाकरीचा तुकडा टाकायला." मुलगा अभ्यासाचे पुस्तक धरून बसला होता, पान उलटत नव्हता. वडील मात्र बोलायला तयार नव्हते. "कुत्र्याचं काय एवढं, फादर. शेळी गेली असती तर पंचनामा झाला असता, भरपाई तरी मिळाली असती. कुत्र्याला ना पंचनामा ना भरपाई. पोरगं उगाच मनाला लावून घेतं." मग त्यांनी दुधाच्या भावाचा विषय काढला.

निघताना ते मला फाटकापर्यंत सोडायला आले. मोटरसायकलला किक मारणार, तेवढ्यात म्हणाले, "मी जागा होतो, फादर."

मी किक मारली नाही.

"तो आधी भुंकला. मग वेगळंच ओरडला. मी उठून कडीला हात घातला. हिनं मागून धरलं. म्हणाली, पोरं लहान आहेत. मी थांबलो. किती वेळ थांबलो ते आठवत नाही. मग आवाज बंद झाला." थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "हे पापकबुलीत सांगायचं का?"

आता इथे धर्मशास्त्र स्पष्ट आहे. गंभीर पाप होण्यासाठी गोष्ट गंभीर हवी, ती गंभीर आहे याची पूर्ण जाणीव हवी आणि मनाची पूर्ण संमती हवी. अंधारात बिबट्यासमोर न जाणाऱ्या, दोन लेकरांच्या बापाने पाप केले असे कोणीही म्हणणार नाही. उलट तो गेला असता तर त्याला मूर्ख म्हणावे लागले असते. कॅथलिक धर्मशिक्षणाचा ग्रंथही परिच्छेद २४१५ ते २४१८ मध्ये हा तोल सांभाळतो. प्राण्यांशी आपण दयेने वागले पाहिजे, त्यांना विनाकारण छळणे किंवा मारणे माणसाला शोभत नाही, पण माणसाला द्यायचे प्रेम आणि माणसाच्या गरजेचा पैसा प्राण्याकडे वळवणे हेही बरोबर नाही. हे मी त्यांना सांगितले. पत्नीने तुमचा हात धरला ते योग्यच केले, असेही म्हणालो.

त्यांनी मान हलवली. पण त्यांना हलके वाटले असे मला दिसले नाही. आणि परत येताना रस्ताभर माझ्या मनात येत राहिले की, त्यांना हलके वाटले नाही हेच ठीक आहे.

आपण पाप आणि ऋण यांत गल्लत करतो. पाप नसले की आपल्याला वाटते, हिशोब मिटला. पण दोष नसतानाही माणसाकडे देणे बाकी राहू शकते. मी सातवीत असताना माझ्या वडिलांनी आमचा थोरला बैल विकला. तो पायाने अधू झाला होता, चारा विकत घ्यायचे दिवस होते, माझी आणि बहिणीची फी थकली होती. चूक काहीच नव्हती. त्यांच्या जागी मी असतो तरी तेच केले असते. बाजारातून ते कासरा हातात घेऊन परत आले आणि तो खुंटीला टांगला. त्या रात्री जेवले नाहीत. पुढे तो कासरा कुजून गेला तरी आईला काढू दिला नाही. मी तेव्हा हसलो होतो. आता कळते की जे कधीही आपले देणे मागायला येणार नाही, त्याचे देणे ते लक्षात ठेवत होते, इतकेच.

इथे मला स्वतःलाच एक प्रश्न अडतो, तो लपवत नाही. त्याच घरातली बोकडे वर्षाला बाजारात जातात. त्यातल्या एकाला तर या मुलानेच बाटलीने दूध पाजून वाढवले होते. नाताळात त्यांच्याकडे कोंबडा शिजतो आणि मला डबा येतो, मीही खातो. मग वाघ्यासाठीच पापाचा प्रश्न का? मुलाला मी हे विचारले. तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "वाघ्याला हाक मारली की तो स्वतः यायचा. साखळी लावायलासुद्धा स्वतःच आला."

कान्टच्या व्याख्यानांत हे वाक्य नाही. ज्याला ओढून आणले त्याला बांधणे वेगळे आणि जो विश्वासाने हाकेसरशी आला त्याला बांधणे वेगळे. अर्थात बाटलीने वाढवलेले बोकडही हाकेसरशीच येते, आणि बाजाराच्या टेम्पोत चढतानाही मागेच चालते. त्याचे काय करायचे याचे पूर्ण उत्तर माझ्यापाशी नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात, अनंतकाळच्या जीवनात प्रत्येक निर्मित जीव तेजस्वी होऊन आपल्या जागी असेल, अशी आशा व्यक्त केली आहे. ती वाचताना पूर्वी मला फक्त आनंद व्हायचा. आता थोडी धाकधूकही वाटते. आपण ज्यांना बांधले, विकले, बाहेर ठेवले, ते तिथे आपल्याकडे पाहत असतील.

रविवारी मुलगा आला. मी त्याला सांगितले, तुझ्या बाबांना पाप लागलेले नाही. पण वाघ्याचे त्यांच्याकडे देणे आहे, तुझ्याकडेही आहे, आणि शेजाऱ्याकडेही आहे. तो म्हणाला, "आणि वाघाकडे?" मी म्हणालो, वाघाला भूक होती. हे त्याला पटले नाही. पण शेजाऱ्याचे नाव घेतल्यावर त्याने मान वर केली होती.

परवा त्या वस्तीवरून जाणे झाले. गोठ्याच्या दाराला खालच्या बाजूने वीतभर जाळी कापून एक खिडकी केली आहे, तिला आतून कडी. नवे पिल्लू आणले आहे, काळे. रात्री ते शेळ्यांबरोबर आत झोपते. शेळ्यांनी पहिले दोन दिवस त्याला शिंगावर घेतले, मग सवय झाली म्हणे. पिल्लू शेजाऱ्यानेच दिले आहे, त्याच्या कुत्रीचे. पैसे घेतले नाहीत. साखळी फाटकाला लावली आहे.

मी विचारले, नाव काय ठेवले? मुलगा म्हणाला, "मी तीन-चार नावं काढलीत. बाबा म्हणतात, थांब थोडं. ते त्याला नुसतं 'ए' म्हणतात."