चबुतऱ्याखाली काढलेली चप्पल

यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही चौकात जयंतीच्या आदल्या दिवशीची लगबग सारखीच असते. नगरपालिकेचा टँकर येतो, चबुतरा धुतला जातो, खांद्यावरची पक्ष्यांची विष्ठा घासून काढली जाते, शिडी लागते. सकाळी हार घेऊन शिडी चढणारा कार्यकर्ता चप्पल खाली काढून ठेवतो. तसं करायला त्याला कुणी सांगितलेलं नसतं. पुतळा १४ एप्रिलला बाबासाहेबांचा असो की १ जुलैला वसंतराव नाईकांचा, समोरचा माणूस देव नव्हता हे त्यालाही पक्कं ठाऊक असतं. मग चप्पल काढली ती कुणासाठी?

देवळातल्या मूर्तीबाबत परंपरेने याचं उत्तर देऊन ठेवलं आहे. मूर्तिकाराने घडवली म्हणून मूर्ती पूज्य होत नाही. प्राणप्रतिष्ठा व्हावी लागते. उत्सवाच्या मूर्तीत तिला मुदतही असते. गणपती वाजतगाजत येतो, दहा दिवस घरचा होतो आणि अकराव्या दिवशी पाण्यात जातो. भंगलेली मूर्ती सहसा पूजेत ठेवत नाहीत, तिचं विसर्जन करतात. म्हणजे दगड-माती हे देवाचं तात्पुरतं बिऱ्हाड, ही जाणीव विधीतच मुरलेली आहे. पुतळ्याचं मात्र अनावरण होतं. दोरी ओढली, पडदा सरकला, भाषणं झाली. तिथे आवाहन नाही, विसर्जन तर नाहीच.

त्यामुळे पुतळा भंगला तर काय करायचं, हे ठरलेलं नसतं. ११ जुलै १९९७ ला मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. संतापलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा जणांचा जीव गेला. मालवणला राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ ला शिवरायांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. चौकशी गंजाची आणि जोडकामाची झाली, पण लोकांना लागलं ते कुठेतरी आत.

या कोड्यावर मराठीत सगळ्यात नेटका विचार केला तो टिळकांनी, आणि तोही पुतळ्यांबद्दल बोलत नसताना. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त भक्तिमार्गावर एक प्रकरण आहे. माणसाचं मन अव्यक्ताला धरून राहू शकत नाही, म्हणून त्याला प्रतीक लागतं, हे टिळक मान्य करतात. पण प्रतीक हे साधन. फळ मिळतं ते भावनेचं. म्हणून कुणाचं प्रतीक श्रेष्ठ यावर भांडणं व्यर्थ, असा त्यांचा युक्तिवाद आहे.

पुढचा इतिहास या युक्तिवादाची फिरकी घेतो. १९२४ साली पुण्याच्या मंडईत खुद्द टिळकांचा पुतळा बसला, मोतीलाल नेहरूंच्या हस्ते. पुढच्याच वर्षी महात्मा फुल्यांच्या पुतळ्याचा प्रस्ताव नगरपालिकेत आला आणि त्याला कडाडून विरोध झाला. कुणाचं प्रतीक, हाच वाद.

टिळकांच्या एका वऱ्हाडी अनुयायाने गुरूचं स्मारक वेगळ्या पद्धतीने उभारलं. वणीत १८८० साली जन्मलेले माधव श्रीहरी उर्फ लोकनायक बापूजी अणे यांनी टिळकांवर हजारो श्लोकांचं संस्कृत महाकाव्य रचलं, ‘श्रीतिलकयशोर्णव’. १९६८ च्या प्रजासत्ताकदिनी ते गेले; या काव्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो १९७३ साली. पण त्याआधी, जुलै १९३० मध्ये, त्यांनी पुसदच्या राखीव जंगलात गवत कापून कायदा मोडला होता आणि तुरुंग पत्करला होता. ज्याला गुरू मानलं, त्याचं काम आधी अंगावर घेतलं.

बाबासाहेब याच मुद्द्याला उलट्या बाजूने भिडले. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत त्यांनी बजावलं, की धर्मातली भक्ती आत्म्याला मुक्तीकडे नेत असेल, पण राजकारणातली भक्ती अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. साधारण वर्षभराने, डिसेंबर १९५० मध्ये, भाई माधवराव बागलांच्या पुढाकाराने कोल्हापूरच्या बिंदू चौकात फुले आणि आंबेडकरांचे पुतळे बसले. बाबासाहेब तेव्हा हयात होते.

याला विसंगती म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण २ मार्च १९३० ला नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारात अस्पृश्य म्हणून ज्यांना अडवलं, त्यांच्यासाठी भर चौकातला पुतळा म्हणजे आधी जागेवरचा हक्क. कोट, चष्मा, हातात संविधान: ही मूर्ती वर मागायची नाही, वाचायला लावणारी आहे. तिथे काढलेल्या चपलेत भक्ती किती आणि स्वाभिमान किती, याचा हिशेब बाहेरच्याने मांडू नये.

सरकारला हे तत्त्वज्ञान झेपत नाही, म्हणून ते नियम करतं. सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ ला सार्वजनिक रस्त्यांवर पुतळ्यांना परवानगी देण्यास राज्यांना मनाई केली. महाराष्ट्रात पुतळ्याच्या मातीच्या मॉडेलला कला संचालनालयाची मान्यता लागते. चेहरा जुळतो का, हे तिथे तपासतात. प्रतीक आपलं काम करतं का, हे तपासणारं खातं नाही.

ते पुसदमध्ये तपासता येईल. पुसदजवळच्या गहुलीत जन्मलेल्या वसंतराव नाईकांचा जन्मदिवस राज्यात कृषिदिन म्हणून पाळला जातो. दोन वर्षांत महाराष्ट्र धान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या, असं मुख्यमंत्री असताना ते जाहीर सभेत म्हणाले होते. संकरित ज्वारी आणि रोजगार हमी त्यांच्याच कारकिर्दीतली. त्यांच्याच यवतमाळ जिल्ह्याचं नाव पुढे शेतकरी आत्महत्यांशी जोडलं गेलं. टिळकांचा निकष लावायचा तर १ जुलैला हार घालून झाल्यावर, खाली उतरून चप्पल घालण्याआधी, त्या कार्यकर्त्याने शेजारी उभ्या आमदाराला विचारायला हवं, की कापसाच्या भावावर तुम्ही कुठली मुदत जाहीर करता आणि ती हुकली तर काय.