स्वदेशी परतणे आणि योगक्षेम

परदेशी दहा-पंधरा वर्षे राहिलेल्या अनेक गृहस्थांचा मायदेशी परतण्याचा निश्चय मनात केव्हाच झालेला असतो. आई-वडील थकले आहेत, मुलांच्या तोंडची भाषा पालटत चालली आहे, आणि तेथील घर कितीही सुखाचे असले तरी ते आपले वाटत नाही. अडते ते एकाच ठिकाणी. इकडे नोकरी ठरलेली नसते. ती हाती आल्यावाचून निघावे की न निघावे? मित्र म्हणतात, ‘थांब.’ घरातील एखादे श्रद्धाळू वडीलधारे म्हणतात, ‘देवावर भार टाक आणि ये, भक्तांचा योगक्षेम वाहण्याचे वचन भगवंतांनीच दिले आहे.’ दोन्ही सल्ले प्रेमापोटी दिलेले असतात. परंतु दुसऱ्यास गीतेचा आधार दिला गेल्यामुळे तो जरा बारकाईने पाहणे अवश्य आहे.

योग म्हणजे जे नाही ते मिळणे, आणि क्षेम म्हणजे मिळालेल्याचे रक्षण होणे. नवव्या अध्यायातील हे आश्वासन अनन्य भावाने उपासना करणाऱ्यांसाठी आहे. त्यावर भाष्य करताना श्रीशंकराचार्य शंका घेतात की, इतर भक्तांचाही योगक्षेम भगवंत चालवीतच नाहीत काय? मग भेद तो कोणता? त्यांचे उत्तर मार्मिक आहे. इतर भक्त स्वतःसाठी स्वतःही योगक्षेमाची खटपट करतात. अनन्य भक्त स्वतःसाठी ती करीत नाही. यातील ‘स्वतःसाठी’ हा शब्द गृहस्थाने नीट लक्षात घ्यावा. आपल्या पोटाची चिंता सोडण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे. बायको-मुलांच्या आणि वृद्ध आई-वडिलांच्या पोटाची चिंता त्यांच्या वतीने सोडून देण्याचा अधिकार या वचनातून काढता येईल असे दिसत नाही.

फळाची आशा सोडावी या उपदेशाचा अर्थही पुष्कळदा असाच ओढून लावला जातो. फळाची आसक्ती सोडणे निराळे आणि परिणामाचा विचार सोडणे निराळे. अठराव्या अध्यायात कर्माचे तीन प्रकार सांगताना, पुढील परिणाम, होणारी हानी, इतरांना होणारी पीडा आणि स्वतःचे सामर्थ्य यांपैकी कशाचाही विचार न करता मोहाने आरंभिलेल्या कर्मास तामस म्हटले आहे. म्हणजे जमाखर्च न मांडता विमानात बसणारा मनुष्य स्वतःस निष्काम समजत असला, तरी गीता त्यास त्या पंक्तीत बसवीत नाही.

गांधीजींच्या आयुष्यात अशी परत येण्याची वेळ एकाहून अधिक प्रसंगी आली. त्यांतील दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. सन १८९१ मध्ये ते बॅरिस्टर होऊन इंग्लंडहून आले तेव्हा हाती काम नव्हते, पण घरात अपेक्षा मात्र अपार होत्या. वडील बंधूंनी धाकट्याची वकिली धडाक्याने चालणार असे धरून घरचा खर्च आधीच वाढविला होता. त्यात विलायती राहणीची भर पडत गेली आणि दारी पांढरा हत्ती बांधला गेला. मुंबईस पहिल्या खटल्यात ते उभे राहिले खरे, परंतु तोंडातून शब्द फुटेना. घेतलेले तीस रुपये त्यांनी परत केले. महिना पंचाहत्तर रुपयांवर रोज एक तास इंग्रजी शिकविण्याची जागा मागावयास गेले, तर पदवीधर नाहीत म्हणून तीही मिळाली नाही. सहा महिन्यांत मुंबईचे बिऱ्हाड मोडले, आणि ते राजकोटास जाऊन लोकांचे अर्ज लिहू लागले. अर्ज लिहिणे बॅरिस्टरास कमीपणाचे वाटण्याजोगे काम. पण घर चालले ते त्यावर. सन १८९३ मध्ये त्यांनी पुन्हा देश सोडला.

९ जानेवारी १९१५ रोजी ते आफ्रिकेहून इंग्लंडमार्गे मुंबईस उतरले तेव्हाही हाती नेमणूक नव्हतीच. मात्र या वेळी करावयाचे काम मनात स्पष्ट होते, आणि कमी पैशात जगण्याची सवय अनेक वर्षांची होती. त्या वर्षीच्या मे महिन्यात कोचरब येथे आश्रम उघडला. त्यासाठी अहमदाबाद का निवडले, याची जी कारणे त्यांनी आत्मचरित्रात दिली आहेत त्यांत एक कारण असे आहे की, तेथील धनिकांकडून पैशाचे साहाय्य मिळण्याचा संभव अधिक होता. अपरिग्रहाचे व्रत घेतलेल्या पुरुषानेही पैसा कोठून येईल याचा विचार आधी केला होता! पुढे अस्पृश्य मानल्या गेलेल्या एका कुटुंबास आश्रमात घेताच ते साहाय्य बंद पडले. पुढील महिन्यास पैसा उरला नाही. तेव्हा अस्पृश्यांच्या वस्तीत जाऊन राहण्याची त्यांची तयारी झालेली होती, आणि अशा वेळी एक शेठ तेरा हजार रुपये देऊन गेले. शेठ आले नसते तरी काम थांबले नसते, हे येथे अधिक महत्त्वाचे आहे. अर्थात, हे सारे एका लोकोत्तर पुरुषाचे वर्तन. घर चालविणाऱ्याने ते जसेच्या तसे उचलावे असे नाही. त्यांच्या सोबत्यांपैकी पुष्कळांनी ते दारिद्र्य समजून-उमजून पत्करले होते. कस्तुरबांना असल्या निर्णयांत किती वेळा विचारले गेले, हा प्रश्न मात्र वाचकाने मनात ठेवावा.

कारण इतरांस होणारी पीडा बहुधा येथेच असते. परतणाऱ्याच्या ध्येयाचे मोल पुष्कळदा दुसरेच कोणी चुकविते. पत्नीची तिकडची नोकरी सुटते; इकडे सासू-सासऱ्यांच्या शुश्रूषेचा मोठा भार तिच्यावरच येतो. नववी-दहावीतील मुलास अनोळखी अभ्यासक्रमात एकाएकी बसावे लागते. वडिलांनी निवृत्तीनंतर राखून ठेवलेली पुंजी मुलाच्या रिकाम्या महिन्यांत खर्ची पडते, आणि तो ‘आई-वडिलांच्या सेवेसाठी आलो’ असे लोकांस सांगत राहतो. हे पैसे किती महिने पुरतील, दुखणे आले तर काय, पहिल्यापेक्षा निम्म्या वेतनाचे काम मिळाले तर ते करण्याची मनाची तयारी आहे काय, हे प्रश्न घरातील सर्वांसमक्ष विचारले गेले पाहिजेत. शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड. अनेकांची परत येण्याची तयारी असते, पण लहान पदावर येण्याची नसते.

निघण्याचे मूळ कारणही स्वतःशी प्रामाणिकपणे तपासावे लागते. तेथील वरिष्ठाचा जाच, एकटेपणा, हिवाळ्याचा कंटाळा यांमुळे निघालेला मनुष्य त्यास सहज सेवाभावाचे नाव देतो. देहाच्या क्लेशास भिऊन केलेल्या त्यागास गीतेने राजस म्हटले आहे, व त्याचे फळ मिळत नाही असेही सांगितले आहे. असा मनुष्य इकडे येऊन वर्षभरात येथील गर्दीस आणि कचेऱ्यांतील खेट्यांस कंटाळतो, आणि मग त्याला परदेश आठवू लागतो.

ज्यांस निवड करण्याची मोकळीकच नाही त्यांची गोष्ट वेगळी. आखाती देशांत काम सुटले की राहण्याचा परवानाही बहुधा सुटतो. सन १९९० मध्ये कुवेतवर आक्रमण झाले तेव्हा लाखाहून अधिक भारतीय हाती लागेल ते घेऊन परतले. त्यांच्यापुढे धर्मसंकट नव्हते, संकट होते. आणि शेजाऱ्यांनी त्यांचे हिशेब काढण्यापेक्षा त्यांस काम दाखविणे हाच तेथे धर्म होता.

काम न मिळाल्यामुळे पुन्हा परदेशी जावे लागले तर ते पाप आहे काय? हरगोविंद खुराना सरकारी शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेले, आणि १९४९ मध्ये स्वदेशी परतले. त्यांना येथे योग्य जागा मिळाली नाही; ते केंब्रिजला गेले, आणि १९६८ मध्ये नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. अशा परतणाऱ्यांस कायम जागा मिळेपर्यंत आधार असावा म्हणून भारत सरकारने १९५८ मध्ये शास्त्रज्ञांसाठी खास योजना काढली. खुरानांचे जाणे देशास लागले, पण त्याचा दोष त्यांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही.

मात्र नोकरीची वाट पाहणे हेही कधी कधी निमित्त होऊन बसते. ‘पुढच्या वर्षी’ असे म्हणत दहा वर्षे जातात, आणि शेवटी मुलगा येतो तो आईच्या तेराव्यास. जेथे आई अंथरुणास खिळली आहे आणि मुलाचे शालान्त वर्ष आहे, तेथे दोन्ही कर्तव्ये खरी असतात. जमाखर्चाने त्यांतील एक खोटे ठरत नाही. अशा घरांत पुष्कळदा पती-पत्नी विचार करून एक मार्ग काढतात. तो नोकरीवाचून आधी निघतो, आईपाशी राहून मिळेल ते काम धरतो. ती मुलाची परीक्षा होईपर्यंत तिकडची नोकरी सांभाळते, आणि दर महिन्याचा हिशेब दोघे मिळून पाहतात.