‘धग’ आणि बाकीच्या शंभर

उद्धव शेळके यांचं नाव निघालं की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात एक उसासा ऐकू येतो. ‘धग’सारखी कादंबरी लिहिलेला माणूस, आणि पुढे काय काय लिहीत बसला! लेख असो, परिसंवाद असो की अलीकडचा पॉडकास्ट, हा उसासा ठरलेला. शेळके १९३१ साली हिंगणघाटला जन्मले. ‘धग’ १९६० साली आली आणि १९९२ साली ते गेले. मधल्या बत्तीस वर्षांत त्यांनी लिहिलेल्या कादंबऱ्यांचा आकडा शंभराच्या घरात सांगितला जातो. त्यातल्या बहुतेक पोटासाठी लिहिलेल्या. केवळ लेखणीवर घर चालवणारे मराठी लेखक बोटांवर मोजण्याइतके. त्यांत ते एक.

मला या उसाशाबद्दल लिहायचं आहे. वरवर तो साहित्यिक शेरा वाटतो. माझ्या मते त्यात एका माणसाच्या आयुष्यावरचा निवाडा दडलेला आहे, आणि तो निवाडा द्यायचा अधिकार आपल्याला कुठून मिळाला हे विचारायला हवं.

आम्ही तिघं मित्र नोकऱ्या सांभाळून नागपुरातून विसाव्या शतकातल्या मराठी कादंबऱ्यांवर एक छोटा पॉडकास्ट करतो. रविवारी दुपारी, पंखा बंद करून (मे महिन्यात हे काम काय असतं ते नागपूरकरांनाच विचारा). ‘रणांगण’, ‘कोसला’, ‘वासूनाका’ करत करत ‘धग’वर आलो. यातून आम्हाला पैसे मिळत नाहीत आणि मिळावेत अशी अपेक्षाही नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात असू द्या, पुढे लागेल.

पॉडकास्टची एक अडचण आहे. ऐकणारा माणूस भांडी घासत असतो, गाडी चालवत असतो. पहिल्या दोन मिनिटांत त्याला धरलं नाही तर तो पुढच्या भागावर जातो. म्हणून कादंबरीबद्दल बोलायचं तरी गोष्ट लागते, आणि लेखकाबद्दलच्या सगळ्यांत सोप्या गोष्टी दोन. एक म्हणजे कुणी ओळखलं नाही असा प्रतिभावंत. दुसरी, एक थोर पुस्तक आणि मग घसरण. शेळक्यांना दुसरी आयती बसते. जुनी पुस्तकं पुन्हा लोकांसमोर आणायची म्हणून २०१५ पासून इंग्रजीत ‘बॅकलिस्टेड’ नावाचा पॉडकास्ट चालतो. आम्ही त्याचे भक्त आहोत. पण अशा कार्यक्रमांत एक गोष्ट सहज होऊन जाते. पुस्तक जिवंत होतं आणि लेखकाचा किस्सा होतो.

तरी या माध्यमाचा एक मोठा उपकार मानायला हवा, आणि ‘धग’च्या बाबतीत तर विशेष. ‘धग’मधले संवाद वऱ्हाडीत आहेत. कागदावर ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’, ‘अठी’ असं दिसलं की पुण्या-मुंबईचा वाचक अडखळतो. आपल्याला हे जमणार नाही असं ठरवून पुस्तक बाजूला ठेवणारे मला माहीत आहेत. तेच कानावर आलं की पाच मिनिटांत सराव होतो. ‘ळ’चा ‘य’ होतो, डोळा डोया होतो, काळा काया होतो, आणि मग अडत नाही. नागपूर शहरातली आमची बोली ही नव्हे. आमच्यात हिंदी फार मिसळलेली. तिघांपैकी एकाचं आजोळ वर्धा जिल्ह्यातलं, म्हणून उतारे त्यानं वाचायचे ठरले. धोका एकच होता. वऱ्हाडी ऐकली की हसायचं, ही सवय टीव्हीनं आणि आता रील्सनी लावून ठेवली आहे. ‘धग’मधली माणसं हसवायला बोलत नाहीत. ती पैशाबद्दल बोलतात, दुखण्याबद्दल बोलतात, मुलाच्या शाळेबद्दल बोलतात. म्हणून आम्ही वाचनाचा वेग कमी केला, हेल काढायचा नाही असं ठरवलं, आणि एकच उतारा सहा वेळा रेकॉर्ड केला.

त्या सहा वेळा ऐकण्यातच मला उसाशाची अडचण नीट कळली.

‘धग’ ही कौतिकची कादंबरी. नवरा महादेव शिंपी, पण त्याच्या हातून संसार चालत नाही. तो कौतिक ओढते. मिळेल ते काम करते आणि मुलानं शिकावं हा ध्यास सोडत नाही. कादंबरी तिची देवी करत नाही. ती चिडते, भांडते, बोलून घेते, पुन्हा कामाला लागते. मराठीत गरिबीवर पुष्कळ लिहिलं गेलं, पण गरिबीत रोज किती निर्णय घ्यावे लागतात, आणि ते घेताना बाईचं डोकं कसं चालतं, हे इतकं बारकाईनं क्वचित आलं असेल. कौतिकबद्दल आपण काय म्हणतो? थोर बाई. घर चालावं म्हणून जे पडेल ते केलं. एवढी धमक असलेली बाई रोजच्या राबण्यात वाया गेली, बिचारी, असं म्हणत आपण तिच्यावर नापसंतीची मान हलवत नाही. राग आला तर तिच्या परिस्थितीचा येतो.

आणि पुस्तक मिटून लेखकाकडे वळलो की तेच काम, घर चालावं म्हणून जे पडेल ते करणं, ही त्याची घसरण ठरते.

माझ्या मित्राचं म्हणणं, ही तुलना चुकीची आहे. कौतिकला पर्याय नव्हता, लेखकाला होता. नोकरी करायची आणि पाच-सात वर्षांनी एक चांगली कादंबरी लिहायची. इतरांनी केलंच की. मुद्दा वजनदार आहे. पण ‘इतर’ म्हणजे कोण हे पाहा. आपले नावाजलेले कादंबरीकार बरेचसे प्राध्यापक, सरकारी नोकर, बँकेतले. पोट दुसरीकडून भरत होतं, म्हणून कादंबरी स्वच्छ राहिली. विश्राम बेडेकर घ्या, तेही विदर्भातले, अमरावतीत जन्मलेले. ‘रणांगण’ १९३९ साली आली आणि तीच त्यांची एकमेव कादंबरी. पुढे त्यांनी चित्रपट केले, नाटकं लिहिली. त्या चित्रपटांतले फसलेले कुणी ‘रणांगण’च्या पारड्यात टाकत नाही. तो त्यांचा व्यवसाय होता, म्हणून सोडून देतो. शेळक्यांचा व्यवसायच कादंबरी होता. बेडेकरांची पोटापाण्याची कामगिरी वेगळ्या कपाटात राहिली, शेळक्यांची त्याच कपाटात, ‘धग’च्या शेजारी येऊन बसली. खरा फरक एवढाच आहे.

दुसरं उदाहरण उलट्या बाजूचं. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्याचं सांगतात. त्यांच्याबद्दल कुणी हळहळत नाही. उलट कौतुकानं आकडा सांगतात. म्हणजे भरमसाट लिहिण्याला आपला आक्षेप नाही. ‘धग’ लिहिलीच नसती तर शेळक्यांवरही आपण रागावलो नसतो. एक उत्तम पुस्तक दिल्याबद्दल त्यांना ही शिक्षा आहे.

विल्यम फॉकनरनं ‘सँक्च्युअरी’ ही १९३१ सालची कादंबरी पैशासाठी लिहिली असं स्वतःच प्रस्तावनेत सांगून टाकलं. पुढे वर्षानुवर्षं तो हॉलिवूडला पटकथा लिहायला जात होता. १९४९ चं नोबेल त्याला मिळायचं राहिलं नाही. त्याच्यावरच्या पॉडकास्टात हॉलिवूडचा भाग गमतीदार किस्सा म्हणून येतो. आपल्याकडे असाच भाग शोकसभेच्या सुरात येतो.

आता ते लक्षात ठेवायला सांगितलेलं वाक्य. आम्हाला पॉडकास्टमधून पैसे नको आहेत, कारण महिन्याच्या एक तारखेला ते दुसरीकडून येतात. मी सहा वर्षं सॉफ्टवेअर लिहितो आहे. त्यातलं निम्म्याहून जास्त आज कुठंच चालत नाही. क्लायंटनं प्रोजेक्ट बंद केलं, सिस्टिम बदलली, संपलं. त्यातलं फार थोडं मला अभिमानानं दाखवता येईल. पण त्यातून बहिणीच्या शिक्षणाचं कर्ज फिटलं. उद्या कुणी माझे दोन-चार लेख वाचून ‘अरेरे, आयुष्य कोडिंगमध्ये घालवलं’ म्हणालं तर मला त्यात स्तुती दिसणार नाही. आणि हा लेख प्रकाशकाच्या मागणीशिवाय, पानांच्या हिशेबाशिवाय लिहिता येतो आहे, त्यात माझा कसला सद्गुण? पगार आहे, एवढंच.

मग त्या शंभर कादंबऱ्या चांगल्या म्हणायच्या का? नाही. जुन्या पुस्तकांत सापडलेल्या तीन मी वाचल्या. सामान्य आहेत, आणि तुम्ही त्या शोधून वाचाव्यात असं मी म्हणणार नाही. पुस्तक कमअस्सल आहे हे सांगणं वाचकाचं कामच आहे, तिथं दयामाया नको. मात्र ‘ही कादंबरी सामान्य आहे’ आणि ‘हा माणूस वाया गेला’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्यासाठी कादंबरी वाचावी लागते. दुसऱ्यासाठी त्या घरात किती खाणारी तोंडं होती, किराण्याची उधारी किती होती, लिहिताना त्याला कंटाळा येत होता की मजा, हे सगळं माहीत असावं लागेल. ते माहीत नसताना आपण दुसरं वाक्य बिनदिक्कत बोलतो.

मित्र म्हणाला, उसासा प्रेमाचा असतो रे. आपल्याला आणखी एक ‘धग’ हवी होती, एवढाच त्याचा अर्थ. हे मला पटतं. पण मग ती आपली भूक झाली. गंभीर मराठी कादंबरीची आवृत्ती निघायची हजार-अकराशे प्रतींची, आणि ती संपायला वर्षं लागायची. दुसऱ्या बाजूला गावोगावच्या वाचनालयांना हलक्याफुलक्या कादंबऱ्या सतत लागायच्या. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर अनुदानामुळे ही मागणी पक्की झाली. दर पाच वर्षांनी एक ‘धग’ लिहून घर चालेल अशी सोय त्या काळच्या मराठी समाजानं केली नव्हती, आजही केलेली नाही. काही वाया गेलं असेल तर त्याचा जाब आधी आपल्या भाषेनं द्यायचा आहे.

शिवाय त्या शंभर कादंबऱ्या कुणीतरी वाचल्याच ना? माझी आजी दुपारची कामं आटोपली की वाचनालयातून आठवड्याला दोन कादंबऱ्या आणवायची. लेखकांची नावं तिला आठवत नसत. तिच्या त्या दुपारी कुठल्या वारशात मोजायच्या, मला ठरवता येत नाही. मराठी साहित्याच्या इतिहासात तरी त्यांना जागा नाही.

भाग तयार झाल्यावर आमचं नावावरून अडलं. मित्राला ‘एका कादंबरीचा लेखक’ हवं होतं. असल्या नावावर लोक थांबतात, हे त्याचं म्हणणं आकड्यांनिशी खरं आहे. मी नको म्हटलं. त्यानं शंभर कादंबऱ्यांवरचं आपलं मत भागात कायम ठेवायला लावलं, मी माझं ठेवलं. ती वीस मिनिटं आम्ही भांडतोच आहोत. शेवटी तिसऱ्यानं, उतारे वाचणाऱ्यानं, नाव दिलं: ‘उद्धव शेळके, १९३१ ते १९९२’. त्यावर कुणाची हरकत नव्हती. ऐकणारे नेहमीपेक्षा थोडे कमी आले.