ताऱ्याचा मृत्यू आणि धम्माची कसोटी



तथागतांनी अनित्यतेचा सिद्धांत सांगितला तो माणसाला रडत बसविण्यासाठी नव्हे, तर डोळे उघडून जगाकडे पाहावयास लावण्यासाठी. आज आपण त्याच दृष्टीने आकाशातील एका घटनेचा विचार करू.

१९ मे २०२३ रोजी जपानमधील कोइची इतागाकी या हौशी आकाशनिरीक्षकांना दुर्बिणीने घेतलेल्या छायाचित्रात एक नवा प्रकाशबिंदू दिसला. तो सप्तर्षींच्या दिशेला असलेल्या एम १०१ या दीर्घिकेत होता. काही तासांतच इतर दुर्बिणींनी त्या प्रकाशाचा वर्णपट घेतला आणि हा एका प्रचंड ताऱ्याचा स्फोट, म्हणजे अतिनवतारा आहे, हे ठरले. ती दीर्घिका सुमारे २ कोटी १० लाख प्रकाशवर्षे दूर आहे. प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो. तरी तो येथे पोहोचावयास एवढी वर्षे लागली. तो निघाला तेव्हा या पृथ्वीवर मनुष्यप्राणी नव्हता, मग वर्ण आणि जात कोठून असणार!

तो तारा का फुटला? कोणाच्या कोपाने नाही, कोणाच्या शापाने नाही. ताऱ्याच्या पोटात हायड्रोजनचे हेलियम होते, पुढे कार्बन, ऑक्सिजन, सिलिकॉन आणि शेवटी लोह तयार होते. लोहापासून आणखी ऊर्जा निघत नाही. आधार सुटतो, गाभा स्वतःच्या वजनाने एका सेकंदाच्या आत कोसळतो आणि बाहेरचे थर अवकाशात भिरकावले जातात. हे असले म्हणजे ते होते. हे थांबले म्हणजे ते थांबते. प्रतीत्यसमुत्पाद तो हाच. येथे ईश्वराला कामच उरत नाही.

आता हे ज्ञान कसे मिळाले ते पाहा. इतागाकींनी सांगितले म्हणून जगाने ते मान्य केले नाही. देशोदेशीच्या लोकांनी आपापल्या दुर्बिणी तिकडे वळविल्या. आपल्या लडाखमध्ये हानले येथे सुमारे ४५०० मीटर उंचीवर दोन मीटर व्यासाची हिमालयीन चंद्र दुर्बीण आहे. तिनेही हा तारा टिपला. त्याच हानले गावात सतराव्या शतकातील बौद्ध गोंपा उभा आहे. अनेक हौशी निरीक्षकांनी आपली आधीची छायाचित्रे पुन्हा तपासली, तेव्हा शोधाच्या सुमारे एक दिवस आधीच तो प्रकाश उमटलेला आढळला. 'एहि पस्सिको', ये आणि स्वतः पाहा, असे तथागत म्हणाले, त्याचे याहून चांगले उदाहरण कोणते द्यावे?

मूळचा तारा किती मोठा होता यावर शास्त्रज्ञांचे एकमत झाले नाही. कोणी तो सूर्याच्या दहा-अकरा पट वजनाचा म्हणतात, कोणी सतरा ते वीस पट. पण वाद मिटविण्यासाठी कोणी पोथी उघडली नाही. हबल दुर्बिणीची जुनी छायाचित्रे उघडली. कालामांना केलेल्या उपदेशात तथागतांनी हीच कसोटी दिली आहे. परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतात म्हणून काही मानू नका.

त्या जुन्या छायाचित्रांत तो तारा दिसतो. वास्तविक ती घेतली तेव्हा तो तारा नष्ट होऊन कोट्यवधी वर्षे लोटली होती. जो तारा स्वतःचे मरण चुकवू शकला नाही, त्याच्या जातीचे तारे आपल्या मुलीचे लग्न मोडणार काय?

हा प्रश्न मी मुद्दाम विचारतो. माझ्या एका विद्यार्थ्याच्या बहिणीचे लग्न ठरले होते. दोन्ही घरांत बाबासाहेबांची तसबीर, दोन्ही घरांत त्रिशरण-पंचशील. तरी वराकडील मंडळींनी गुपचूप पत्रिका दाखविली आणि मुलीला मंगळ आहे म्हणून नकार कळविला. ज्या मंगळाभोवती २४ सप्टेंबर २०१४ रोजी भारताचे यान फिरू लागले, त्या मंगळाच्या नावाने बौद्ध घरातील मुलगी अपशकुनी ठरली! नक्खत्त जातकात हीच कथा आहे. नक्षत्र चांगले नाही म्हणून वराकडचे ठरल्या दिवशी गेले नाहीत. मुलीच्या घरच्यांनी तिला दुसरीकडे दिले. दुसऱ्या दिवशी हे आले आणि भांडण करून रिकाम्या हाती परतले. एवढी जुनी शिकवण आपल्याच घरात असताना आपण दक्षिणा देऊन दुसऱ्याचा अंधार का विकत घ्यावा?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांत सर्व मनुष्यमात्र समान मानण्याची प्रतिज्ञा आहे. आपल्या रक्तातील लोह आणि श्वासातील प्राणवायू असल्याच ताऱ्यांच्या पोटात आणि स्फोटांत घडला. तो ब्राह्मणासाठी वेगळा आणि महारासाठी वेगळा घडला नाही. ज्यांनी आपल्याला जन्माने हीन ठरविले, त्यांच्याच पंचांगात आपण मुलांचे जन्म मांडू लागलो तर धर्मांतर कागदावरच राहील.

म्हणून उपासक-उपासिकांनो, घरात पत्रिका असेल तर ती आजच बाजूला काढा. लग्न ठरविताना शील पाहा, शिक्षण पाहा, दोघांची संमती पाहा. आणि एखाद्या निरभ्र रात्री मुलांना अंगणात नेऊन सप्तर्षी दाखवा. त्यांना आकाशाची भीती नको, ओळख हवी.

जयभीम! नमो बुद्धाय!