आधीं पाणी कोणास?

सह्याद्रीच्या पूर्वेस पर्जन्यछायेंत वसलेल्या अहिल्यानगर, बीड, सोलापूर ह्या जिल्ह्यांत हवेचा भरंवसा धरणें कठीण. वैशाखांत पारा ४० अंशांवर चढतो, आणि कधीं त्याच दिवशीं तिसऱ्या प्रहरीं वळीव गर्जत येऊन वेलांचे मांडव पाडून जातो. सन २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चांतील गारपिटीनें उभीं पिकें कशीं झोडपलीं, हें आपणांपैकीं अनेकांस आठवत असेल. अशा देशीं ज्यानें परसांत भेंडी-दोडका लाविला आहे, त्यास एकेका घागरीचा हिशेब ठेवावा लागतो. तेव्हां प्रश्न असा कीं, आळींत पिण्याच्या पाण्याची टंचाई असतां ख्रिस्ती मनुष्यानें आपल्या वाफ्यास पाणी घालावें काय?

कोणी म्हणेल, "पाणी मीं वाहून आणिलें, तें माझें आहे." दुसरा म्हणेल, "रोपास आत्मा नाहीं. जळूं द्या तें." हीं दोन्ही उत्तरें अपुरीं आहेत. अहाब राजास नाबोथाचा द्राक्षमळा भाजीपाल्याकरितां हवा होता (१ राजे २१). भाजीची इच्छा हें पाप नव्हतें. भाजीपुढें शेजाऱ्याचा जीव हलका वाटला, तेथें पाप शिरलें. उलटपक्षीं, योना वाळलेल्या वेलाकरितां हळहळला, तेव्हां देवानें त्या कळवळ्याची थट्टा केली नाहीं. १,२०,००० हून अधिक माणसें व पुष्कळ गुरें असलेल्या निनवे नगरापर्यंत त्यानें तो कळवळा वाढवून नेला (योना ४). वेलाची माया ही पायरी आहे. तिच्यावरच बसून राहूं नये, आणि ती मोडूंहि नये.

शिवाय पुष्कळ पाणी आपण अज्ञानानें दवडतों. भोपळ्याचीं रुंद पानें भर दुपारीं माना टाकतात; परंतु माती दोन पेरें खोल ओली असली तर तीं संध्याकाळीं आपोआप सांवरतात. कडक उन्हानें टोमॅटोचें फूल गळतें, तें अधिक पाणी ओतून थांबत नाहीं. आळ्यांत पालापाचोळा पसरावा, पाझरणारें मातीचें मडकें गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवावें, आणि तांदूळ-भाजी धुतलेलें पाणी झाडांस द्यावें, म्हणजे पुष्कळदां थोडक्यांत भागतें.

आणि इतक्यानेंहि न भागलें तर? तर क्रम स्पष्ट आहे: आधीं शेजाऱ्याची तहान, मग मुक्या जनावराची, त्यानंतर वाफा. मात्र ज्या विधवेचें पोटच चार वेलांवर आहे, तिला हा उपदेश करूं नये. तिच्या आळ्यांत आपली घागर ओतावी.

हें सोपें नाहीं. दोन महिने जपलेला वेल डोळ्यांदेखत वाळेल, आणि त्याच्या बदल्यांत वळीव येईलच असें वचन शास्त्रांत नाहीं. आपला स्वर्गीय पिता सूर्य व पाऊस चांगल्यांस आणि वाइटांस सारखेच देतो, असें प्रभूनें शिकविलें (मत्तय ५). म्हणून ज्याची बाग वाळली त्यास पापी ठरवूं नये. ज्याची हिरवी राहिली त्यानें आपणांस नीतिमान समजूं नये. आणि दिलेली घागर पावसाचा सौदा म्हणून देऊं नये.

प्रिय उपदेशक बंधूंनो, येत्या रविवारीं पावसाकरितां प्रार्थना करण्यापूर्वीं आळींतून एक फेरी घाला, आणि कोणाचा माठ कोरडा आहे तें पाहा.